रोज अकरा वाजता जांभूळबोडी

‘वायुग्राम’ योजनेचं नियंत्रण केंद्र सावली या तालुक्याच्या गावी एका राइस मिलच्या माडीवर होतं. खाली धान भरडायची मशीन दिवसभर थरथरायची आणि वर आमची भिंत तिच्याबरोबर थरथरायची. त्या भिंतीवर भला मोठा पडदा होता. पडद्यावर बेचाळीस गावांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक हिरवा दिवा. हिरवा दिवा म्हणजे गावात वायफाय पोहोचलं, लोक वापरताहेत, सगळं झकास. फक्त दोन महिन्यांपासून रोज सकाळी अकराच्या सुमाराला बेचाळीसच्या बेचाळीस दिवे एकदम लाल व्हायचे, पडदा काळा पडायचा आणि पाच-सात मिनिटांनी जणू काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा हिरवा व्हायचा.

हे लाल होणं जिल्ह्याच्या ठिकाणीही दिसायचं, म्हणून मला बोलावलं. मी दामिनी. माझं माहेर आरमोरीकडचं, वैनगंगेच्या काठचं. बाप मासेमार. चंद्रपुरात शिकले आणि नऊ वर्षं हैदराबादेत कर्नल दुरुस्त करायचं काम केलं. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला मुख्य कारभारी. बाकीचे सगळे कार्यक्रम त्याच्याकडे मागणी करतात आणि तो वाटप करतो. तो कोसळला की सगळं घर बसतं. आईची तब्येत बिघडली म्हणून मी परत आले आणि या योजनेच्या कंत्राटदार कंपनीत लागले. माझा स्वभाव तापट आहे हे मी मुलाखतीतच सांगितलं होतं. त्यांना वाटलं मी विनोद करते आहे.

मी येण्याआधी उपाय भरपूर झाले होते. केंद्रातला ऑपरेटर श्रीहरी म्हणाला, “मिलचा कोंडा जाते जी आत.” म्हणून खिडक्या कायमच्या बंद केल्या. आमचे जिल्हा व्यवस्थापक प्रफुलसर म्हणाले व्होल्टेज, म्हणून स्टॅबिलायझर आला. मग उकाडा म्हणून एसी आला. आधीच्या इंजिनियरने अहवालात ‘माकडांचा उपद्रव’ असं लिहून बदली करून घेतली होती. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. संगणकाच्या कपाटाला कोणीतरी लिंबू-मिरची बांधली होती आणि ती दर शनिवारी न चुकता बदलली जायची. त्या केंद्रात नियमित देखभाल होत होती ती एवढ्या एकाच गोष्टीची.

कर्नल कोसळताना शेवटचं काय करत होता ते लिहून ठेवतो. ते लिखाण तीन वर्षांत कोणी उघडलं नव्हतं. मी उघडलं. रोज एकच मजकूर. एका गावाच्या वायफायच्या डब्याला काहीतरी द्यायला कारभारी गेला, आणि जागेवर डबाच नव्हता. रिकाम्या जागी हात घातला आणि तोंडावर आपटला. गाव कोणतं? रोज जांभूळबोडी.

“मला जांभूळबोडीचा डबा बघायचा आहे,” मी श्रीहरीला म्हटलं. “कुठे बसवलाय? शाळेवर की ग्रामपंचायतीवर?”

श्रीहरीने मान खाजवली. “तो इथीच हाये जी.”

“इथे? दुरुस्तीला आणलाय?”

“नाई जी. या कम्पुटरात हाये. सगळेच इथी हायेत.”

मला कळायला अर्धा मिनिट लागला. एका संगणकाच्या आत वायफायचे कितीही खोटे डबे उभे करता येतात. त्यांना आभासी म्हणतात. ते हवेत काही सोडत नाहीत, आपसातच बोलतात. खरा डबा विकत न घेता प्रयोग करून पाहायला आम्ही हैदराबादेत हीच युक्ती वापरायचो. इथे प्रयोगाचीच योजना करून टाकली होती. बेचाळीस गावांचं वायफाय राइस मिलच्या माडीवर एका पेटीत बसलं होतं आणि आपसात उत्तम बोलत होतं.

“त्रेचाळीसावा गाव टाकाचा म्हटलं तं पाच मिनिटाचं काम हाये,” श्रीहरी अभिमानाने म्हणाला.

मी प्रफुलसरांच्या खोलीत गेले आणि आवाज चढवला. ते शांतपणे चहा पीत होते. “तात्पुरती व्यवस्था आहे,” ते म्हणाले. “खरे डबे आले की लावू.”

“तात्पुरती म्हणजे कधीपासून?”

“तीन वर्षं झाली असतील.” मग कप खाली ठेवून म्हणाले, “मॅडम, तुम्ही क्रॅशपुरतं बोला. शुक्रवारी बारा वाजता मोठे पाहुणे हा पडदा बघायला येताहेत. मला बारा वाजता बेचाळीस हिरवे दिवे पाहिजेत.”

मी राजीनामा फेकायला हवा होता. नाही फेकला. माझी एक खोड आहे. कोसळलेलं काही समोर असलं की ते का कोसळलं हे कळेपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही. जेवणसुद्धा नाही. या खोडीमुळे माझ्यासारखी माणसं कोणाच्याही उपयोगी पडतात, चोराच्याही.

मंगळवारी अकराला मी श्रीहरीच्या पाठीशी खुर्ची टाकून बसले. अकरा वाजून दोन मिनिटांनी त्याच्या संगणकावर घंटी वाजली. तक्रारीच्या मोफत नंबरवर जांभूळबोडीहून फोन आला होता. श्रीहरीने एक क्षणही न दवडता यादीतून जांभूळबोडी हे गाव काढून टाकलं. पुढच्या श्वासाला बेचाळीसही दिवे लाल.

“हे काय केलंस?”

“गाव काढला जी. तक्रार आली का गाव काढून टाकाचा. मंग यंत्रच त्याले सांगते का या नावाचा गाव यादीत नाई. तो फोन ठेवून देते. दुपारी गाव वापस टाकून देतो.”

“हे तुला कोणी शिकवलं?”

“कोनी नाई जी. मीच काढलं डोक्यातून.” त्याने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे ‘शून्य तक्रार केंद्र’ असं प्रशस्तिपत्र चौकटीत लावलं होतं. श्रीहरी दुष्ट नव्हता. त्याला शून्य मागितलं होतं आणि त्याने शून्य आणून दिलं.

मग सगळा उलगडा झाला. तक्रार आली की यंत्र आपोआप त्या गावाचा डबा धरून ठेवायचं, तपासणीसाठी, तक्रार मिटेपर्यंत. पण डबा कोणीतरी धरलाय याची नोंदच कुठे होत नव्हती. श्रीहरी गाव काढायचा, डबा नाहीसा व्हायचा, आणि धरणारा हात रिकाम्या जागी पडायचा. गाव यादीत नाही म्हणून तक्रार मोजणीत यायची नाही, पण तक्रारवहीत ती उघडीच राहायची.

ही चूक मला नवी नव्हती. आमच्याकडे मोठं ओढायचं जाळं दोन टोकांना दोन माणसं धरतात. पाण्यात उभं राहून कोणी आपला दोर मुकाट्याने सोडत नाही. आधी हाक द्यायची, “सोडू का?” दुसऱ्या टोकाकडून “सोड” आलं की मगच सोडायचा. मी सात वर्षांची असताना हौसेने दोर धरला आणि डास चावला म्हणून न विचारता सोडला. पलीकडे काका सगळा भार टाकून ओढत होता. तो पाठीवर दगडात पडला आणि पावसाळाभर कंबर धरून बसला. बापाने मला मारलं नाही. नुसतं विचारलं, “इचारलं होतं का तू?” ते मला अजून लागतं.

दुरुस्ती तासाभराची होती. पण दुरुस्तीचे दोन मार्ग होते. सोपा मार्ग असा, की गाव काढलं की धरणारा हातही गुपचूप तोडायचा. क्रॅश बंद, दिवे हिरवे, तक्रार गायब. प्रफुलसरांना हेच हवं होतं. आणि मला एकदम लख्ख दिसलं की तीन वर्षांत जांभूळबोडीहून जिल्ह्यापर्यंत पोहोचलेली एकमेव गोष्ट म्हणजे हा क्रॅश. तो माणूस रोज फोन करत होता, त्याला गाव नाही म्हणून सांगितलं जात होतं, आणि त्याला पत्ताही नव्हता की आपण रोज बेचाळीस गावं लाल करतो आहोत. त्याला भेटल्याशिवाय मला कशालाही हात लावायचा नव्हता.

बुधवारी मी स्कूटीने जांभूळबोडीला गेले. धानाच्या बांध्यांमधून रस्ता, शेवटी जंगल आणि जंगलाच्या पोटाशी मालगुजारीच्या काळातला तलाव. गावात फोनला रेंज नाही. रेंज येते फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, पाणी सोडायच्या दाराजवळ मोहाचं एक तोडलेलं खोड आहे त्यावर उभं राहिलं तर. अकराला पाच कमी असताना एक पासष्टीचा माणूस त्या खोडावर चढून उभाच होता. हे मनसाराम भाऊ, गावच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. खाली त्यांची बायको कुंताबाई जाळ्याची भोकं विणत बसली होती.

“तुमी वायफायवाल्या का?” मी सांगितल्यावर मनसाराम भाऊ खोडावरूनच म्हणाले. “मंग एक सांगा बाप्पा. तक्रारीले फोन लावला तं यंत्र म्हणते, तुमचा गाव यादीत नाई. अर्ज भरायले गेलो तं बाबू म्हणते, तुमचा गाव यादीत हाये. हाये का नाई, एक कायतरी पक्कं सांगा ना जी.”

अर्ज तलावाचा होता. सदतीस घरं या तलावावर मासे धरून जगतात. पाच वर्षांचा ठेका संपला होता आणि नवीन ठेक्याचा अर्ज शुक्रवारपर्यंत गेला नाही तर तलाव बाहेरच्या बोलीवाल्यांना खुला होणार होता. त्यांच्यातले दोघे येऊन पाणी मोजूनही गेले होते. आणि मत्स्य विभागाचा नियम असा, की वायफाय पोहोचलेल्या गावांचे कागदी अर्ज घ्यायचे नाहीत. अर्ज गावातल्या वायफायवरूनच आला पाहिजे. मनसाराम भाऊ सावलीच्या नेट कॅफेत गेले. संकेतस्थळ म्हणालं, आपले गाव जोडलेले आहे, कृपया गावातून अर्ज करा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच. इथे तर कथलाच्या वाळ्यापायी सोनूबाईची भाकरी जात होती.

“किती दिवस झाले फोन लावता?”

“दोन महिने झाले. मधात चार दिवस माहा फोन बोडीच्या पाण्यात पडला होता, तवा कुंतानं तिच्या फोनवरून लावला. खाडा नाई पडू देल्ला.”

कुंताबाईने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विणायला लागली. तिने मला बिनदुधाचा लाल चहा दिला. मी तिच्याशी पाण्याबद्दल, माझ्या आईबद्दल बोलले. तक्रारीबद्दल मी तिला काही विचारलं नाही.

परत येताना माझं डोकं तापलं होतं. रडूही येत होतं आणि स्कूटी चालवताना डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. सदतीस घरांच्या तोंडचा घास एका पेटीतल्या खोट्या डब्यामुळे जाणार होता, आणि तो डबा नीट चालावा म्हणून मला पगार मिळत होता.

गुरुवारी सकाळी मी दुरुस्ती केली. सोपी नाही, आमच्या जाळ्याच्या दोराची, विचारून सोडायची. तक्रारवहीत जी तक्रार उघडी आहे तिने गावाचा दोर धरलाय असं मानायचं, आणि धरणाऱ्याने स्वतः सोडल्याशिवाय गाव काढता येणार नाही. तक्रारदाराने आपल्याच फोनवरून एक नंबरचं बटण दाबलं म्हणजे त्याने “सोड” म्हटलं. कर्नलच्या नियमाप्रमाणे हीच बरोबर दुरुस्ती आहे. हैदराबादेतल्या कुठल्याही माणसाने ती डोळे झाकून मंजूर केली असती.

अकरा वाजून दोन मिनिटं. घंटी. श्रीहरीने सवयीने गाव काढलं. काहीही कोसळलं नाही. एक्केचाळीस दिवे हिरवे राहिले, आणि जांभूळबोडीचा दिवा पिवळा झाला. त्यापुढे मी लिहिलेली ओळ उमटली: ‘थांबा. या गावाला कोणीतरी धरून आहे.’

प्रफुलसर धावत आले. “वा मॅडम! क्रॅश गेला!” मग त्यांनी चष्मा नीट केला. “हा पिवळा काढा.”

“तो काढता येत नाही.”

“बंद करून चालू करा.”

केलं. पुन्हा पिवळा. श्रीहरीने गाव परत टाकून पाहिलं, पिवळा. लिंबू-मिरची गुरुवारीच बदलून पाहिली, तरी पिवळा.

“तक्रारदाराने स्वतः सोडलं तरच जाईल,” मी म्हटलं. “दुसरा इलाज नाही.”

इलाज होता. मला दोन ओळींत काढता आला असता. मी खोटं बोलले. तीन वर्षं बेचाळीस गावांबद्दल खोटं सांगणाऱ्यांना मी एक खोटं परत केलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

प्रफुलसरांनी जिल्ह्याच्या साहेबांना फोन केला. साहेब योजनेचे प्रमुख अधिकारी. पाहुण्यांपुढे पिवळा दिवा म्हणजे त्यांच्या गोपनीय अहवालावर पिवळा दिवा. तीन वर्षांत योजनेची एकही गाडी न पाहिलेल्या जांभूळबोडीला शुक्रवारी सकाळी नऊला तीन गाड्या आल्या. मलाही नेलं, “तुमची भाषा एक आहे ना” म्हणून.

साहेब पाळीवर आले, बुटांना चिखल लागला. “काय बाबा, काय अडचण आहे तुमची?” त्यांनी अगदी मायेने विचारलं.

मनसाराम भाऊंनी प्लास्टिकच्या पिशवीतून कागदी अर्ज काढला. “हा घ्या अन् आवक नंबर द्या. मंग मी दोर सोडतो.” धरण्या-सोडण्याचं मी त्यांना आदल्या दिवशी, ते खोडावरून उतरायच्या आत, फोनवर समजावलं होतं. समजवायला एक मिनिटही लागलं नाही. कंपनीतल्या इंजिनियरांना दोन दिवस लागतात.

“अहो, पण हा अर्ज वायफायवरून भरायचा असतो,” साहेब बोलून गेले.

प्रफुलसर तलावातल्या कमळांकडे बघायला लागले. मनसाराम भाऊ नम्रपणे म्हणाले, “भरा ना जी साहेब. तुमीच भरून दाखवा. आपलं गाव जोडलेलं हाये.”

साहेबांनी खिशातून फोन काढला, पडद्याकडे पाहिलं आणि हात उंच करून इकडेतिकडे फिरवला. शेवटी मनसाराम भाऊंनीच त्यांना त्या मोहाच्या खोडाकडे नेलं. साहेब एका हाताने ड्रायव्हरचा खांदा धरून खोडावर चढले आणि तिथून त्यांनी विभागाला फोन लावला. “हो, कागदी. हो, अपवाद म्हणून. हो हो, माझ्या जबाबदारीवर.” तो आवाज तलावावरून पलीकडच्या काठापर्यंत ऐकू गेला. गाडीतून शिक्का आला, गाडीच्या बॉनेटवर पोच लिहिली गेली, विभागाने फोनवर सांगितलेला आवक क्रमांक टाकला गेला. मनसाराम भाऊंनी तो अंक न् अंक दोनदा वाचला, कागद पिशवीत घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून थोपटला. त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

मग ते खोडावर चढले, तक्रारीचा नंबर लावला आणि कबूल केल्याप्रमाणे एक दाबलं. शब्द दिला की पाळायचा.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून दहा मिनिटं. सावलीला परतायला वेळ होता. प्रफुलसर खोडावर चढले आणि श्रीहरीला फोन लावला. “झाला ना हिरवा?”

स्पीकर चालू होता. “नाई जी. पिवळाच हाये. कोनीतरी धरून हाये म्हणते.”

प्रफुलसरांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. या वेळी मलाही खरंच कळत नव्हतं. मी दुरुस्ती पुन्हा मनातल्या मनात वाचली. तक्रारवहीत जी तक्रार उघडी आहे ती धरून आहे. उघडी तक्रार. आणि मी मागे वळून पाहिलं.

कुंताबाई पाणी सोडायच्या दाराजवळच्या दगडावर बसून टोपलीतले मासे निवडत होती. लहान वेगळे, मोठे वेगळे. मधले चार दिवस तिने आपल्या फोनवरून लावला होता. हे मला मनसाराम भाऊंनी बुधवारी सांगितलं होतं, तिच्याच देखत, आणि मग मी तिचाच चहा प्यायले होते. आणि दोर दोन टोकांनी धरलेला असतो हे आयुष्यभर माहीत असलेली मी एकच टोक मोजून मोकळी झाले होते.

“बाई,” साहेब घाईने तिच्याजवळ गेले, “तुमचीपण तक्रार आहे का? अहो मग बंद का नाही केली?”

“मले कोनी इचारलंच नाई,” कुंताबाई म्हणाली.

“पण तुमचं काम तर झालं! तलावाचा अर्ज घेतला, आवक नंबर दिला!”

“तलावाचं ह्यायनं मांगलं होतं.” तिने एक मासा उचलून मोठ्यांत टाकला. “मी फोन लावला तं तिकडून इचारलं, तुमची तक्रार काय. मी म्हटलं, गावात वायफाय नाई. मी तेच मांगलं होतं.” हात पदराला पुसून ती उठली आणि साहेबांच्या मागे, पुढे, तलावाकडे, झाडांकडे बघितल्यासारखं करून म्हणाली, “कुठी हाये ते?”

साहेबांनी प्रफुलसरांकडे पाहिलं. प्रफुलसर खोडावर उभे राहून माझ्याकडे बघत मान हलवत होते, नको, नको. माझी नोकरी त्या हलणाऱ्या मानेवर होती.

“सावलीला आहे बाई,” मी म्हटलं. “राइस मिलच्या माडीवर, एका पेटीत. तुमच्या गावचं आणि आणखी एक्केचाळीस गावांचं.”

कुंताबाई पुन्हा दगडावर बसली आणि टोपली पुढे ओढली.

“मंग आना इथी,” ती म्हणाली. “तवरक मी धरून राह्यते.”